चार बोटं पाणी

जे आता सांगणार आहे, त्यातलं अर्धं मी पूर्वी चारचौघांत सांगून बघितलं होतं. उरलेलं अर्धं आजवर कुणालाही नाही. बायकोला नाही—ती गेली. मुलांना नाही. मुलं हे वाचतील तेव्हा म्हणतील, म्हाताऱ्याला लिहायची खोड आहे, काहीतरी रचलं असेल. म्हणू देत. आमच्या घराण्यात खऱ्याला रचलेलं आणि रचलेल्याला खरं म्हणायची पद्धत जुनीच आहे. तुम्ही मला ओळखत नाही हे त्या मानानं बरं. ओळखणाऱ्या माणसांजवळ खरं बोलून काय होतं, ते मी पाहिलंय. तेही येईलच पुढं.

मला लोक विचारत—आडून विचारत, कारण सरळ विचारायची हिंमत नसे—की फार श्रीमंत असणं म्हणजे कसं असतं? मी काहीतरी विनोदी उत्तर देई आणि लोक हसत. आता बघा, हाच पहिला फायदा. माझ्या विनोदावर कुणी हसलं नाही असं मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत आठवत नाही. मी बुद्धिबळ खेळे आणि दर डाव जिंके. आबासाहेब—माझे वडील—पाहुण्यांना सांगत, पोरगं जात्याच हुशार आहे. मग कॉलेजसाठी पुण्याला गेलो. तिथं खोलीत एक भिक्षुकाचा मुलगा होता, सदऱ्याला दोन ठिगळं असलेला. त्यानं मला ओळीनं अकरा डाव हरवलं. बाराव्याला म्हणाला, "तुम्हाला घोडा कसा चालतो ते तरी कुणी सांगितलंय का हो?" त्या दिवशी मला कळलं की मी आयुष्यात एकही डाव खेळलेलो नव्हतो.

हा तोटा. फायद्याला अगदी खेटून बसलेला असतो.

पण हे मी भोवती फिरतोय. मुद्दा पाण्याचा आहे.

आमच्या औरंगाबादला पाणी डोंगरातून येतं, जमिनीखालून. कुणा जुन्या शहाण्या माणसानं नहर बांधून ठेवली आहे—खापरी नळ, चुन्यात पक्के बसवलेले, आणि मधे मधे दगडी बंबे, दोन पुरुष उंचीचे. पाणी त्या बंब्यांत चढतं, उतरतं आणि पुढं निघतं. आमच्या बाजूच्या बंब्याला एक दगडी पाटी होती. तिला दोन भोकं. एक आमच्या हवेलीचं, चार बोटं रुंद. दुसरं खालच्या मोहल्ल्याचं—हिमरू विणणाऱ्यांचा मोहल्ला तो—दोन बोटं रुंद. चार बोटांची आम्हाला सनद होती, शिक्क्याची. हवेलीत आम्ही घरची सतरा माणसं, नोकर धरून साठ. मोहल्ल्यात किती? मला माहीत नव्हतं. विचारावं असं कधी मनातच आलं नाही.

ही पाटी ज्याच्या ताब्यात होती तो कादर. तीन पिढ्यांचा नहरवाला. मी त्याला कादरचाचा म्हणे, तो मला धाकटे सरकार म्हणे—माझं वय आठ असल्यापासून. तो बंब्याच्या दगडाला कान लावून आतलं पाणी ऐकत असे. ऐकून सांगे, "वर कुठंतरी पिंपळाचं मूळ शिरलंय," किंवा "गाळ बसला," किंवा नुसतंच, "आज पाणी खूश हाय." मलाही त्यानं कान लावायला शिकवलं होतं. मला कधी काही ऐकू आलं नाही. पण मी म्हणे, हो, खूश आहे. तो मान हलवे. आता वाटतं, त्याला तेव्हाच ठाऊक असणार की हा मुलगा न ऐकता हो म्हणतो.

आबासाहेबांना थाटाची हौस होती. हौस म्हणजे—पाहुण्यांबरोबर ते काट्याचमच्यानं जेवत, मग पाहुणे गेले की आत येऊन पाटावर बसून हातानं पुन्हा जेवत, कारण पहिल्यानं पोट भरत नसे. बागेत त्यांनी सात तोंडांचं कारंजं बसवलं होतं, संगमरवरी. मी पुण्याहून चार पुस्तकं वाचून आलो होतो, तेव्हा मला या सगळ्याचं हसू येई. सात तोंडांचा खोकला म्हणे मी त्या कारंज्याला, कारण उन्हाळ्यात पाण्याचा जोर कमी झाला की ते नुसतं खाकरत असे. मित्रांत हा विनोद फार चालला. मी स्वतःला आमच्या श्रीमंतीतला एक पाहुणा समजत होतो—वरून बघणारा, हसणारा, आतला नसणारा. असं समजणं किती सोयीचं असतं, तुम्हाला सांगू? जेवायला तेच ताट असतं आणि वर मनही स्वच्छ.

तो उन्हाळा वाईट होता. आदला पावसाळा कोरडा गेलेला. खाम नदीत दगड तेवढे राहिले होते. आणि त्यातच हैदराबादहून एक नवाबसाहेब येणार म्हणून कळलं—नाव सांगत नाही. या गोष्टीत त्यांचा दोष इतकाच की त्यांना कारंजी आवडत. आबासाहेबांना किताब हवा होता, आणि तो मिळवून देणं नवाबसाहेबांच्या हातात होतं. महिनाभर हवेलीला रंग चालला. दावतीच्या सकाळी आबासाहेबांनी कारंजं सोडून बघितलं. एका तोंडातून थोडं पाणी आलं, दोनांतून थेंब, बाकी चारांतून वारा.

आबासाहेब काठावर बसून राहिले. रागावले नाहीत. नुसते बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि म्हणाले, "हसतील रे."

मला ते सहन झालं नाही. मीच वर्षानुवर्षं हसत होतो—पण आपल्या बापावर हसायचा हक्क आपण दुसऱ्याला देत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते असं घडलं, एवढंच.

मी बंब्यापाशी गेलो. आबासाहेबांनी सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. कादर तिथं होताच. मी म्हणालो, मोहल्ल्याचं भोक बुजव, सगळं पाणी आमच्याकडं सोड. आजच्या दिवस.

त्यानं आधी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "धाकटे सरकार, दोन बोटंबी बंद केल्यावर मानसं जातील कुठं? खालच्या बारवेवर जातील. तिथं सूत धुत्यात, रंग धुत्यात, गुरं बसत्यात. त्ये पानी प्यायचं न्हाई."

"एका दिवसानं काय होतंय?"

"पान्याला दीस मोजता येत न्हाईत, सरकार."

मी म्हणालो, मी सांगतोय ना. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी—पण मी पुढचंही सांगितलं. कुणी विचारलं तर म्हण, नळ दुरुस्तीला घेतलाय. हे वाक्य माझं. कादरचं नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण पुढं ते त्याच्या नावावर लागलं.

त्यानं लाकडी दट्ट्या घेतला, चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकला. कडेनं पाणी झिरपत राहिलं. चिंधी जाडीभरडी होती, दबत नव्हती. माझ्या खांद्यावर हिमरूचा शेला होता, माझ्या लग्नातला. मी तो टरकन फाडला आणि अर्धा त्याच्या हातात दिला.

"अहो सरकार! हिमरू हाय ह्यो. उस्मानमियाँनं दोन महिने विणलाय."

"घट्ट बसतो का बघ."

घट्ट बसला. रेशीम आणि सूत एकत्र विणलेलं कापड पाण्यात फुगतं. थेंबही येईना. उदार झालो होतो असं समजू नका—घरी असले अकरा शेले होते.

संध्याकाळी सातही तोंडं उडाली. नवाबसाहेब म्हणाले, "माशाल्ला! इस क़हत में ये बहार!" या दुष्काळात ही बहार—त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी मला शेजारी बसवलं. मी त्यांच्याशी फारसी शेरांवर बोललो, थाटमाटावर थोडे टोमणे मारले, आणि ते मनापासून हसले. मला वाटलं, हा माणूस तरी खरा हसतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, बेगमसाहेबांनाही कारंजं बघायचं आहे.

सकाळी कादर फाटकाशी आला होता. गड्यानं येऊन सांगितलं, "नहरवाला विचारतोय, दट्ट्या काढू का?" मी न्याहारी करत होतो. म्हटलं, उद्या सांग. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. गडी म्हणाला, "आज नुसताच उभा हाय. बोलंना काही." मी पुन्हा म्हटलं, उद्या. फाटक पन्नास पावलांवर होतं. मी उठून गेलो नाही. या गोष्टीतली सगळ्यात लहान गोष्ट आहे ही, आणि मला झोपेत दिसते ती हीच—ती पन्नास पावलं.

चौथ्या दिवशी मी सांगायच्या आधीच त्यानं दट्ट्या काढला. तोवर मोहल्ल्यात पटकी सुरू झाली होती.

मी तिचं वर्णन करणार नाही. मी ती बघितलीच नाही. आबासाहेबांनी त्याच दुपारी सगळ्यांना बग्ग्यांत घालून लासूरच्या मळ्यावर नेलं. हाही एक फायदा. तिथं विहिरीचं पाणी गोड होतं. आम्ही तीन आठवडे राहिलो आणि मी एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक संपवलं. परत आलो तेव्हा मोहल्ल्यातल्या निम्म्या मागांवर कापड अर्धवट ताणलेलं तसंच होतं. उस्मानमियाँच्या घरात त्याची थोरली, सकीना, गेली होती. तिचं लग्न ठरलेलं होतं. माणसं एका घरातून एक, दुसऱ्यातून तीन, अशी गेली होती. कादरच्या घरातलं कुणी गेलं नाही.

आणि तेच त्याला भोवलं. त्यानं वरच्या बंब्यावरून रोज एक घागर आपल्या घरी नेली होती. शेजाऱ्यांना तो सांगत होता, बारवेचं पिऊ नका, पिऊ नका. पण मग काय प्यायचं, हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि पाणी का बंद आहे हेही. दुरुस्ती, म्हणत होता. मी सांगितलं होतं तसं.

लोकांनी तक्रार केली. चौकशी झाली, आणि ती कुठं झाली असेल? आमच्याच दिवाणखान्यात. नवाबसाहेब अजून शहरात होते, आणि शहरात त्यांच्यासारखा निःपक्षपाती माणूस दुसरा कोण? खिडकीतून कारंजं दिसत होतं. त्या दिवशी बंद ठेवलं होतं, सुतक म्हणून.

मोहल्ल्यातली पाच माणसं दाराशी उभी होती. पुढं उस्मानमियाँ. कादर मधोमध, हात बांधून. त्याला विचारलं, पाणी का तोडलंस? दुरुस्ती म्हणत होतास ना? तो म्हणाला, "म्हनत हुतो." दुरुस्ती कसली? तो गप्प. मग नवाबसाहेब माझ्याकडं वळले. अगदी सहज. कागदावर असावं म्हणून विचारतात तसं. हवेलीकडून काही हुकूम गेला होता का?

मी काय केलं ते सांगतो. मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही. मी मान हलवली—डावीकडून उजवीकडं, एकदा. वर्षभर मी तोच विचार करत होतो, की मी तोंडानं तर काही म्हणालो नाही. एवढा शिकलेला माणूस, आणि ही त्याची वकिली.

कादरनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याच्याकडं तो दट्ट्या असणार, शेला असणार. उस्मानमियाँ तिथंच उभा होता, त्यानं आपली वीण एका नजरेत ओळखली असती. विणकराला आपली बुट्टी स्वतःच्या मुलाच्या तोंडासारखी ओळखू येते. कादरनं नुसतं म्हटलं, "सरकारांनी मान हलवली न्हवं? मग तसंच असंल."

श्रीमंतीचा सगळ्यात मोठा फायदा कोणता, हे मला त्या क्षणी कळलं. आमची मान ही साक्ष असते. इतरांना शपथ घ्यावी लागते, पुरावा आणावा लागतो, रडावं लागतं. आमची मान नुसती हलली की कागद आपोआप लिहिला जातो. कागदावर 'गफलत' असा शब्द आला. कादरची तीन पिढ्यांची जागा गेली. कैदही होणार होती. ती आबासाहेबांनी रदबदली करून माफ करवली. मोहल्ला म्हणाला, बघा, केवढं मन! आबासाहेबांना खरं ठाऊक होतं का? त्यांनी मला कधी विचारलं नाही. पावसाळ्याआधी त्यांना किताब मिळाला.

कादरला कुणी मारलं नाही, घर जाळलं नाही. आमच्या शहरातले लोक तसे सभ्य आहेत. त्याच्या सलामाला कुणी उत्तर देईना, एवढंच. मशिदीत नमाजाला तो उभा राहिला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राही. रांगेत खांद्याला खांदा लावायचा असतो म्हणतात. त्याच्या खांद्याला हवा लागे. हे मला आमच्या गड्यानं सांगितलं, गंमत म्हणून. पुढं तो मागच्या रांगेत एकटा उभा राहू लागला. मग जायचाच बंद झाला. दहा वर्षं तो असा जगला. या दहा वर्षांत मी त्याला रस्त्यात किती वेळा बघितलं असेल? बग्गीतून. तो थांबे, हात कपाळाला लावे, "सलाम, धाकटे सरकार." मीही हात वर करी. मोहल्ल्यात त्याच्या सलामाला उत्तर देणारा मी एकटा होतो. त्याचंही लोकांना कौतुक वाटे.

तो मेला. मग आबासाहेबही गेले. मी थोरला सरकार झालो. आता मी बोलायला मोकळा होतो—बघा, मी बोलायला मोकळा कधी झालो ते बघा. ज्याचं काही फिटलं असतं तो गेल्यावर.

मी चार बोटांतली दोन बोटं मोहल्ल्याला दिली. पाटी बदलून घेतली, मोहल्ल्यात दगडी हौद बांधला. हे सोपं होतं. बाग मला आवडतच नसे. हौदात पाणी सोडायचा दिवस ठरला तेव्हा मी मनाशी ठरवलं, आज सगळ्यांसमोर सांगायचं. कपडेसुद्धा साधे घालून गेलो. काय मूर्खपणा! फाशी जाणाऱ्यानं जोडे पुसावे तसा.

सगळा मोहल्ला जमला होता. उस्मानमियाँ म्हातारा झाला होता, डोळ्यांवर जाड भिंगं, पण माग चालूच होता. त्यानं माझ्या गळ्यात हार घातला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. पाणी कादरनं तोडलं नव्हतं. मी तोडायला लावलं. दुरुस्तीचं मीच सांगितलं. चौकशीत मी मान हलवली.

मला वाटलं, आता दगड येईल. खरं सांगतो, मला तो हवा होता.

उस्मानमियाँचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "सरकार, ह्ये तुमचं मोठेपन हाय. मेलेल्या मानसाचा गुन्हा कोन आपल्या अंगावर घेतंय? कादर तुमचा जुना मानूस, म्हनून तुमचा जीव तुटतुया. पन आमाला ठावं हाय सरकार, काय झालं हुतं त्ये."

मी म्हणालो, नाही, नाही, खरंच मी—

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा बरं! उद्या माझी बकरी दुसऱ्याच्या वाफ्यात शिरली तरी सरकार म्हनतील, मीच सोडली!" आणि सगळे हसले. प्रेमानं हसले. एका म्हातारीनं माझी अलाबला घेतली, दृष्ट काढावी तशी बोटं कानशिलावर मोडली.

इथपर्यंतचं मी पूर्वी सांगितलेलं आहे. क्लबात, एकदोघा स्नेह्यांना, श्रीमंतीचा तोटा म्हणून: बघा, आम्हाला अपराधी होण्याचीही मुभा नाही! आमचा कबुलीजबाबसुद्धा लोक दानधर्मात जमा करतात. स्नेही हसत. मला वाटतं त्यांनी त्यावरही विश्वास ठेवला नव्हता. गोष्ट इथं संपते असं मी दाखवत असे. ती इथं संपत नाही.

मी बग्गीकडं निघालो तेव्हा वाटेत कादरचं घर होतं. दाराला तरटाचा पडदा. पडद्याआडून आवाज आला, "धाकटे सरकार."

मला त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कादरची बायको, जैनबबी. ती हौदापाशी आली नव्हती, पण घरातून सगळं ऐकू येत होतं. पडद्याखालून एक हात आला. हातात एक गाठोडं, जुन्या फडक्यात बांधलेलं.

"ह्ये तुमचं हाय."

मी सोडून बघितलं. दट्ट्या होता. लाकूड चिरलेलं, आणि भोवती माझा अर्धा शेला, वाळून कडक झालेला. रंग उतरला होता, पण बुट्टी तशीच होती, आंब्याच्या कोयरीची, आत बारीक तीन पानं. उस्मानमियाँ तीन पानं काढत असे. बाकीचे विणकर दोन काढत.

ती म्हणाली, "म्या कितींदा म्हनलं, न्हेऊन दावा, दावा लोकांस्नी. म्हनायचे, माझ्या हातानं न्हाई दावायचं. धाकटे सरकार शिकलेले हायेत, आज न्हाई उद्या त्येच बोलतील. त्यांनीच बोलावं." पडद्याखालचा हात आत गेला. "आज बोललात. कुनी ऐकलं न्हाई. आता दावा."

मी मागं वळून बघितलं. लोक अजून तिथंच होते. उस्मानमियाँ माझ्यामागोमाग आला होता, हातात सरबताचा पेला घेऊन—मी न पिताच निघालो म्हणून. माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. भिंगांतून हसत होता. त्याला नुसतं ते कापड पुढं करायचं होतं. बोलायचीही गरज नव्हती. मान हलवायचीही नव्हती.

आणि आता ते सांगतो, जे कुणाला सांगितलेलं नाही.

मला त्या वेळी भीती वाटत नव्हती. भीती वाटली असती तर मी तसं लिहिलं असतं. भित्र्या माणसाला लोक थोडं समजून घेतात. मला बरं वाटत होतं. गळ्यात हार होता. ती म्हातारी, ते हसणं, उस्मानमियाँचे भरलेले डोळे—आयुष्यभर ज्या थाटावर मी टोमणे मारले, तो थाट मला पहिल्यांदाच गोड लागला होता. आपण खरं बोललोही, आणि वर मोठेही ठरलो. असं कुणाच्या वाट्याला येतं? ते सगळं माझं होतं, आणि मला ते सोडवेना. माझ्या मनात जे आलं ते शब्दशः हे—राहू दे.

मी दट्ट्या अंगरख्याच्या खिशात घातला. खिसा फुगला. कुणी विचारलं नाही, सरकारांच्या खिशात काय आहे. आमच्या खिशात काय आहे हे कुणी विचारत नसतं. मी उस्मानमियाँच्या हातून सरबत घेतलं, प्यालो, पेला परत दिला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग बग्गीत बसलो. पडदा हलला नाही.

हौदावर माझ्या नावाचा दगड आहे, उर्दूत आणि मराठीत. लोक पाणी भरतात आणि दुवा देतात. जैनबबी शेवटपर्यंत त्या हौदावर आली नाही; दोन गल्ल्या ओलांडून दुसरीकडून पाणी आणायची, वयाच्या सत्तरीत, डोक्यावर घागर घेऊन. मला हे ठाऊक आहे कारण मी माणूस पाठवून विचारलं होतं. ती गेली. उस्मानमियाँ तिच्या आधी गेला, मला दुवा देत.

दट्ट्या या मेजावर आहे, माझ्यापुढं. शेल्याची कडा कसरीनं खाल्ली आहे. कोयरी अजून दिसते, आतली तीन पानंही मोजता येतात. ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही. त्या दिवशी होता. दोन हातांवर उभा होता.